म्हातारी कुठल्या अंगाला पडली

१

सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी आडवी झालेली सापडली. कुमियादा गावातल्या निम्म्या लोकांची डोकी रविवारच्या वाइनने अजून जड होती, त्यामुळे बोंब उठायलाही जरा उशीरच झाला.

म्हातारी म्हणजे दगड. दोन पुरुष उंच, माळावर एकटी उभी असलेली शिळा. नवाश्मयुगात, म्हणजे गाव, चर्च, राजा, पोर्तुगाल यांपैकी कशाचाच पत्ता नव्हता तेव्हा, कुणीतरी ती इथे रोवली आणि निघून गेलं. अंगावर मेंढपाळाच्या काठीच्या आकडीसारखी कोरीव खूण, त्यावर दगडफुलाचा पिवळा-करडा थर, आणि कमरेतून पश्चिमेकडे जरासा झुकाव. सरकारने शेजारी संरक्षित स्मारकाची पाटी लावली होती. गावातली पोरं त्या पाटीवर नेम धरून दगड मारत, पण म्हातारीला कधी कुणी खडाही मारला नव्हता.

सार्जंट देओलिंदा फाल्काटो गाडीतून उतरली तेव्हा तिचे दोन्ही गुडघे कुरकुरले. नाताळात ती निवृत्त होणार होती. तोवर कोंबडीचोर आणि बांधावरची भांडणं यापलीकडे काही वाट्याला येऊ नये, एवढीच तिची देवाकडे मागणी होती. देवाने बहुधा अर्ज वाचलाच नव्हता.

"मोडली, बाई," हवालदार अमिल्कार म्हणाला. "नुसती पडली नाही, मोडली."

शिळा पूर्वेकडे पडली होती. तिथे गवताखाली खडक होता. त्यावर आपटून तिचे दोन तुकडे झाले होते आणि भेग नेमकी त्या आकडीतून गेली होती. शेजारी मातीत फतकल मारून डॉक्टर ग्रासा पिमेंतेल बसली होती. ती पुरातत्त्वाची अभ्यासक. म्हातारीच्या पायथ्याशी खणायची परवानगी ती कित्येक वर्षं मागत होती आणि सरकार कित्येक वर्षं नाही म्हणत होतं. आता तिचे डोळे रडून सुजले होते, आणि राग आवरत नव्हता.

"कुठल्या गाढवाने केलंय हे? पाडायचीच होती तर पश्चिमेला पाडायची ना! झुकलीच होती तिकडे. खाली मऊ माती. एक टवका उडाला नसता. आणि हा शहाणा तिला उलट्या अंगाला ओढतो, थेट खडकावर! दुप्पट मेहनत घेऊन वाटोळं केलंय, सार्जंट."

"तुम्हाला आता खणायला मिळेल ना, डॉक्टरबाई?" देओलिंदाने सहज विचारलं.

ग्रासा तिच्याकडे बघत राहिली. "मिळेल," ती म्हणाली. "कायद्याने मिळतंच. त्यासाठी मी हे केलं असेल असं वाटत असेल तर खुशाल घाला बेड्या. पण मी केलं असतं तर पश्चिमेला पाडली असती. हा खडक माझ्याच नकाशात आहे."

देओलिंदाने माळावर एक चक्कर मारली. शिळेवरच्या दगडफुलात साखळी घासल्याचा वण उमटला होता. पूर्वेला, बरंच लांब, बुचाचं, म्हणजे ज्याच्या सालीची बाटल्यांची बुचं होतात ते, एक जुनं झाड होतं. त्याच्या जाड, भेगाळ सालीवर साखळीचे वळ होते आणि भेगांत तागाच्या पोत्याचे चार धागे अडकले होते. पश्चिमेला बुचाच्या झाडांचा दाट घोळका होता, म्हातारीपासून अगदी जवळ. जुलैमध्येच त्यांचं बूच काढलेलं होतं. खोडं सोललेल्या गुडघ्यासारखी लाल दिसत होती आणि प्रत्येकावर यंदाच्या सालाचा पांढरा आकडा रंगवलेला होता. शिवाय जवळच्या, लांबच्या, सगळ्याच झाडांवर पिवळी फुली होती. रोगट ठरवलेली झाडं. कुठल्या कचेरीतून ती रोगट ठरली ते देवालाच ठाऊक. नाताळापर्यंत सगळी उपटून तिथे एक कंपनी ऑलिव्हच्या ओळी लावणार होती.

"बाई! हे बघा!" अमिल्कार चरातून ओरडला. त्याच्या हातात एक चेनपुली होती, आणि तिच्यावर ऑलिव्ह कंपनीचा हिरवा रंग. "घ्या. चोर सापडला."

"चोर आपलं नाव मागे टाकून जावेत इतकं आपलं नशीब चांगलं असतं," देओलिंदा म्हणाली, "तर मी आज लिस्बनमध्ये असते रे."

२

कंपनीचा व्यवस्थापक इनासियू बेल्त्राव पत्र्याच्या कचेरीत बसायचा. दाढी गुळगुळीत, बूट स्वच्छ. मातीत काम करणाऱ्या कंपनीच्या माणसाचे बूट इतके स्वच्छ कसे, हा प्रश्न सगळ्या गावाला पडलेला होता.

"सार्जंट बाई, गाव मला नालायक म्हणतं. असेन. पण मी मूर्ख नाही. पडलेली शिळाही संरक्षितच असते. तिच्याभोवतीची चार पावलांची हद्द जिथल्या तिथे राहते. मला काय मिळालं? ह्या घडीपासून सगळ्या रानातलं काम बंद! कंपनी दोषी ठरली तर परवानगी कायमची रद्द. आणि पाडायचीच असती तर ती बघा, पोकलेन उभी आहे. एक धक्का दिला असता. चेनपुली खेचत कशाला बसू?"

"आवाज होऊ नये म्हणून."

"काल? काल दुपारभर तुमच्या चर्चच्या देवीच्या मिरवणुकीत आकाशबाण फुटत होते. रणगाडा नेला असता तरी कुणाला ऐकू आला नसता."

माणूस आवडत नसला तरी त्याचं म्हणणं खरं होतं. रविवारी तो लिस्बनला सासुरवाडीत होता, आणि सासुरवाडीतली माणसं जावयासाठी खोटं बोलतील इतकं त्यांचं त्याच्यावर प्रेम नव्हतं, हे फोनवरच कळलं.

मग बेल्त्रावने खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. "चेनपुली तिलकच्या ताब्यात असते. तो नेपाळी, पोकलेन चालवतो तो. शुक्रवारी रजेवरून माझ्याशी भांडला. रागाच्या भरात त्याने एकट्याने केलं असणार. कंपनीचा काय संबंध?"

"म्हणजे परवानगी रद्द होणार नाही."

"खटला चालेल तोवर काम थांबेल. दोन वर्षं, तीन वर्षं. रद्द होण्यापेक्षा थांबलेलं बरं."

"आणि गावातल्या कुणी केलं असेल तर?"

बेल्त्राव हसला. "तर आठवड्याच्या आत मशीन सुरू. पण गावातलं कोण पाडील? ती तुमची म्हातारी ना!"

देओलिंदा बाहेर पडते तोच जिल्ह्याच्या साहेबांचा फोन आला. नेपाळ्याला परवा हजर करा, कागद तयार होतायत. बेल्त्रावने तिच्याआधीच तिकडे फोन फिरवला होता.

३

जमिनीचे मालक लिओनेल बारादास आपल्या व्हरांड्यात खिन्न होऊन बसले होते. रविवारी देवीच्या छत्राचा पुढचा दांडा त्यांच्याच खांद्यावर होता, सगळ्या गावाने पाहिलं होतं.

"आता कंपनी जमीन घेणार नाही," ते म्हणाले. "मी कुणाचं काय वाईट केलं होतं गं, देओलिंदा? आजोबा बुचावर जगले, बाप जगला. आता बुचाला कोण विचारतं? बाटल्यांना प्लॅस्टिकची झाकणं आली."

"पण यंदा बूच काढलंत की."

"काढलं. झाडं जाणारच होती, मग साल कशाला सोडायची? माणसंसुद्धा मिळेनात. शेवटी कुस्तोदियूला घरातून उठवून आणलं. ह्या वयात शिडी चढला बिचारा. म्हणाला, दुसऱ्या कुणाची कुऱ्हाड लागू देणार नाही. म्हातारीजवळचा सगळा घोळका त्यानेच सोलला. हात बघायचा होतास तू, साल अशी उतरवत होता जशी बाळाची अंगडी काढावीत."

देओलिंदाला बघायची गरज नव्हती. तिचा बाप आणि कुस्तोदियू बूच काढणाऱ्या एकाच टोळीत होते.

तिलक बहादूर पुन कंपनीच्या चाळीत डाळ शिजवत होता. पस्तिशीचा, ठेंगणा, शांत माणूस. पोर्तुगीज मोडकं बोलायचा, पण नेमकं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "मलाच पकडणार."

"रविवारी दुपारी कुठे होता तुम्ही?"

"इथे. कपडे धुतले, झोपलो, घरी फोन केला."

"साक्षीदार?"

त्याने पातेल्याकडे बोट दाखवलं. "डाळ."

अमिल्कार फिस्कन हसला आणि देओलिंदाने डोळे वटारल्यावर गप्प झाला.

"चेनपुली कुठे असते?"

"पत्र्याखाली. फाटक उघडं असतं. कुणी पण घेतं, कधी परत आणतं, कधी नाही." तिलकने डाळीखालचा गॅस बारीक केला. "बाई, माझ्या गावात पण असा दगड आहे. आई त्याला तेल लावते. मी असा दगड पाडणार? रजेसाठी?" मग तो जरा थांबला. "माझं इथं राहायचं कार्ड पुढच्या महिन्यात होणार. मग बायको येणार. चार वर्षं झाली. पोलिस केस झाली तर कार्ड नाही. मी जाणार, ती येणार नाही."

त्याने हे रडून सांगितलं नाही, ओरडून नाही. हवामानाचा अंदाज सांगावा तसं सांगितलं, आणि त्यामुळेच देओलिंदाला ते फार लागलं. असं बोलायला माणूस कधी शिकतो ते तिला ठाऊक होतं. त्याचं म्हणणं पुष्कळदा कुणी ऐकून घेतलं नाही, की शिकतो.

४

म्हातारीच्या सगळ्यांत जवळचं घर कुस्तोदियू रामाल्यूचं. देओलिंदाच्या बाप्तिस्म्याला त्यानेच तिला हातावर धरलं होतं, म्हणून तो तिचा पाद्रिन्यू, धर्मबाप. तिचा बाप शिडीवरून पडून गेला तेव्हा ती शाळेत होती. त्यानंतर तिला सायकल शिकवली कुस्तोदियूने, पोलिसात जायचं म्हणाली तेव्हा तिच्या आईची समजूत घातली ती कुस्तोदियूनेच.

तो दारात बुटक्या स्टुलावर बसून कुऱ्हाडीला धार लावत होता.

"आशीर्वाद द्या, पाद्रिन्यू."

"देव तुला संत करो, पोरी."

"संतपणाचं निवृत्तीनंतर बघू. आत्ता खुर्ची द्या."

तो हसला, आणि अमिल्कारला म्हणाला, "हा अजून तुझ्याकडंच का? समुद्राकडचा मासा इथं वाळून जाईल की गं."

"वाळलो तर मीठ लावून ठेवा, आजोबा," अमिल्कार म्हणाला.

"काल मिरवणुकीत दिसला नाहीत," देओलिंदा म्हणाली. देवीच्या पालखीला कुस्तोदियूचा खांदा नाही असा सण तिला आठवत नव्हता.

"गुडघा. यंदा शिडीनं खाल्ला. घरीच पडलो होतो."

"काही ऐकलंत?"

"आकाशबाण. दुसरं काय ऐकू येणार?" त्याने पात्यावर अंगठा फिरवला. "कंपनीची चेनपुली घावली म्हणं तुला. मग आता परवानगी जाणार ना त्यांची?"

"बघू."

"बघू काय? त्यांचीच वस्तू, त्यांचंच काम. कायद्यात आहे तसं, मी डॉक्टरबाईंना विचारलं होतं मागं."

"पाद्रिन्यू, म्हातारी मोडली. आकडीतून दोन तुकडे."

धार लावणारा हात थांबला. त्याने कुऱ्हाड भिंतीला टेकवली. म्हाताऱ्या माणसाला वाईट वाटलं असणार, असं तिला वाटलं, आणि तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवून निरोप घेतला.

गाडीत बसल्यावर मात्र काहीतरी खुपायला लागलं. सकाळपासून गावात जो भेटला त्याने एकच विचारलं होतं, म्हातारी परत उभी राहील का? पावाच्या दुकानातल्या बाईने, पाद्रीबाबांनी, दारुड्या झेफेरीनोनेसुद्धा. एका पाद्रिन्यूने तेवढं परवानगीचं विचारलं.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी ती अमिल्कारला घेऊन पुन्हा माळावर गेली. तिला झोप लागली नव्हती. रात्रीचा लसूण-कोथिंबिरीच्या पाण्यातला पाव तसाच ताटात फुगून गेला होता.

"समज, तुला ही पाडायची आहे," ती म्हणाली. "शिळा उभी आहे असं धर. हातात चेनपुली. दाखव कसं करशील."

"मी? मी चर्चमधली मेणबत्तीसुद्धा पाडली नाही कधी."

"नाटकं नको. दाखव."

अमिल्कारने इकडेतिकडे पाहिलं. पूर्वेच्या लांबच्या झाडाकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही. साखळी खांद्यावर टाकून तो सरळ पश्चिमेच्या घोळक्याकडे गेला, पहिल्याच लाल खोडाला त्याने साखळीचा वेढा घातला आणि आवळायला हात उचलला.

"त्याला नको!" देओलिंदा ओरडली.

इतक्या जोरात ओरडली की अमिल्कारच्या हातून साखळी सुटली. "का? काय झालं?"

ती जागच्या जागी उभी राहिली. का ते तिला लगेच सांगता येईना. ते तिच्या डोक्यातून आलंच नव्हतं, बापाच्या आवाजात आलं होतं. पोरवयात एकदा असल्याच ताज्या सोललेल्या खोडाला तिने झोका बांधला होता, आणि आयुष्यात एकदाच बापाची थप्पड खाल्ली होती. बूच काढलेलं झाड म्हणजे उघडं मांस. त्याला दोरीसुद्धा लावायची नाही. आतल्या सालीला जखम झाली की तिथे पुन्हा कधी बूच धरत नाही. बुचाच्या मुलखात हे कुणी शिकवत नाही, आईच्या दुधातून येतं.

"बाई," अमिल्कार हळूच म्हणाला, "पण ही तर उपटायचीच आहेत ना? फुली आहे."

देओलिंदाने त्या पिवळ्या फुलीकडे पाहिलं. मग लांबच्या जुन्या झाडाकडे, जिथे कुणीतरी एवढ्या जाड सालीलासुद्धा पोत्याची घडी लावून मगच साखळी बांधली होती. ती म्हातारीच्याच एका तुकड्यावर बसली. पाटीवर लिहिलं होतं, बसू नये.

"हो रे," ती म्हणाली. "तेच तर."

६

संध्याकाळी ती एकटीच गेली. कुस्तोदियू अंगणात होता.

"आशीर्वाद द्या, पाद्रिन्यू."

त्याने तिचा चेहरा पाहिला आणि आशीर्वाद द्यायला जरा वेळ लावला. "देव तुला संत करो. बस."

"बसत नाही. उपटायच्या झाडाची साल कोण जपतो, पाद्रिन्यू?"

त्याने स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"म्हातारी पश्चिमेला झुकलेली. तिकडे मऊ माती, तिकडेच जवळ झाडं. कुणीही तिकडे पाडली असती. डॉक्टरबाईंना खडक ठाऊक होता, त्या पूर्वेला ओढणारच नाहीत. बेल्त्रावला ही झाडं उपटायचीच आहेत, मालकांनाही. ते कशाला सालीची पर्वा करतील? आणि त्या नेपाळ्याला बूच बाटलीत असतं एवढंच माहीत. हे सगळे पहिल्या झाडाला साखळी बांधून मोकळे झाले असते. ज्याने बांधली नाही, त्याच्या लेखी ती झाडं उद्या उपटली जाणार नव्हती. ती राहणार होती, पुन्हा त्यांना बूच धरणार होतं. फुल्या मारलेल्या झाडांबद्दल अशी खात्री कुणाला असेल? त्यांना वाचवायलाच ज्याने म्हातारी पाडली, त्याला."

कुस्तोदियूने टोपी काढून मांडीवर ठेवली. तिच्यात बघत बोलला.

"मला ती मोडायची नव्हती गं. निजवायची होती. आधी बुडाशी माती सैल केली, मग हळूहळू ओढली. पडलेला दगड पुन्हा उभा राहतो, सरकार करतं. झाड कोण उभं करतं? मला वाटलं, कंपनीवर येईल, परवानगी जाईल, वर्षा-दोन वर्षांत म्हातारी परत उभी राहील. कुणाचंच काही जाणार नाही."

"खडक दिसला नाही?"

"आयुष्यभर ह्या माळावर मान वर करून हिंडलो, पोरी. खाली काय आहे ते कधी बघितलं?" त्याने टोपी मुठीत चुरगळली. "आवाज झाला ना मोडल्याचा, तेव्हा वाटलं माझ्याच आईला मारलं."

देओलिंदाने नजर माळाकडे वळवली. पण ती ज्यासाठी आली होती ते अजून बाकी होतं.

"उद्या सकाळी तिलकला नेणार आहेत."

"कोण तिलक?"

"पोकलेनवाला. चेनपुली त्याच्या ताब्यातली. बेल्त्रावने त्याचं नाव दिलं. त्याचं कार्ड जाईल, त्याला परत पाठवतील."

"मी त्या लिस्बनवाल्या बेल्त्राववर नेम धरला होता."

"वर मारलेला दगड खालच्याच माणसाच्या डोक्यात पडतो, पाद्रिन्यू. तुम्हाला एवढं कळायला हवं होतं."

तो उठला, अंगणाच्या कडेपर्यंत गेला. तिथून घोळका दिसत होता. "त्याच्यावर खटला चालला तर काम किती दिवस बंद?"

"दोन-तीन वर्षं."

"आणि मी सांगितलं तर?"

"सोमवारपासून उपटायला लागतील."

"शेकडो झाडं आहेत, लिंदा. तुझ्या बापाच्या हातची आहेत त्यात." तो वळला, आणि तिच्या धर्मबापाचा चेहरा तिला एकदम अनोळखी वाटला. "तो परका माणूस. दुसरीकडं काम शोधील. माणूस कुठंही रुजतो. तू काही बघितलं नाहीस. नाताळात घरी जाशील. कुणाला कळणार आहे?"

खरं सांगायचं तर तिलाही वाटलं. एक क्षणभर मनापासून वाटलं. ती दमली होती, आणि मान फिरवणं किती सोपं होतं. कागद तयार होते, सही तिची नव्हतीच.

"चार वर्षं बायकोला बघितलं नाही त्याने," ती म्हणाली. "झाडांच्या सालीला धक्का नको म्हणून तुम्ही सात हजार वर्षांची म्हातारी मोडलीत. आता त्या माणसाची जिवंतपणी साल सोलतायत. त्याच्याकडे बघा जरा."

कुस्तोदियू बघत राहिला, पण झाडांकडेच. मग त्याने टोपी डोक्यावर ठेवली.

"तू सांगायचं नाहीस," तो म्हणाला. "मी सांगतो. तू सांगितलंस तर गाव तुला खाईल."

त्यानेच सांगितलं. गावाने तिला खायचं ते खाल्लंच.

७

वयाकडे बघून कुस्तोदियूला कोठडी झाली नाही. निकाल लागेपर्यंत रोज ठाण्यात हजेरी ठरली. गाव म्हणालं, तेलही गेलं, तूपही गेलं, म्हातारीही गेली आणि झाडंही. आणि ह्या सगळ्याला जबाबदार कोण, तर देओलिंदा. कॉफीच्या दुकानात तिच्यासमोर न बोलता कप आदळला जाऊ लागला. पावाच्या दुकानात तिची पाळी आली की नेमका पाव संपायचा. तिने कुणाला काही समजावलं नाही. अमिल्कार गुपचूप आपल्या वाट्याचा पाव तिच्या टेबलावर ठेवी आणि काहीच न केल्यासारखा खिडकीबाहेर बघत बसे.

माळावर ग्रासा खणत होती. म्हातारीच्या खड्ड्यात तिला जळका कोळसा आणि घासून गुळगुळीत केलेली दगडी कुऱ्हाड सापडली होती, आणि इतका आनंद झाल्याची तिला लाज वाटत होती. तुकडे पोलादी सळईने जोडून वसंतात शिळा पुन्हा उभी राहणार होती. तिच्याभोवतीची हद्द तशीच ठेवून.

सोमवारी सकाळी पोकलेन आली. देओलिंदाचं तिथे काही काम नव्हतं, तरी ती गेली. कुस्तोदियूही आला होता, स्वच्छ शर्ट घालून, मयताला यावं तसा. तो घोळक्याच्या कडेला उभा राहिला, तिच्याकडे त्याने पाहिलं नाही.

मशीनवर तिलक होता. त्याचं कार्ड आता अडणार नव्हतं, आणि काम तेच होतं. त्याने कुस्तोदियूला पाहिलं, इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. हेल्मेट काढून काखेत धरून तो म्हाताऱ्यासमोर जाऊन उभा राहिला. दोघे एकमेकांना पहिल्यांदाच भेटत होते.

"साहेब म्हणाले, इथून सुरू कर," तिलक म्हणाला. "मला नाही माहीत, कुठलं आधी. तुम्ही सांगा."

कुस्तोदियूने सगळ्या झाडांवरून नजर फिरवली. त्याने हात वर केला आणि माळाच्या टोकाकडे, जुन्या सालीच्या झाडांकडे दाखवलं.

"तिकडून घे," तो म्हणाला. "ही सोललेली शेवटी. अजून ओली आहेत ती."

पंधरवड्यात सगळीच जाणार होती, हे तिघांनाही ठाऊक होतं. तिलकने मान डोलावली, वर चढला आणि मशीन वळवून माळाच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेला.